‘काही होत नाही बुवा!’
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या किती घरांतला कमावता माणूस कारखान्यात, जिनिंगमध्ये, डेपोत नाहीतर कंत्राटी कामावर जातो, हे आम्ही सांगायला नको. म्हणून आज आम्ही पुलगावचा विषय घेतला आहे.

३१ मे २०१६. मध्यरात्र उलटून गेलेली. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोट झाले. आसपासच्या गावांतले लोक लेकरंबाळं घेऊन अंधारात घराबाहेर पडले. दोन अधिकाऱ्यांसह १९ जण गेले. त्यांत बहुतेक आग विझवायला धावलेले होते. त्यांना आमचे वंदन. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते आणि त्यातून आग लागली, असे चौकशीत पुढे आल्याचे वर्तमानपत्रांनी छापले.

हे पाझरणे म्हणजे काय? टीएनटी पुरेसे शुद्ध नसले, तर त्यातला हिणकस भाग उष्णतेने तेलासारखा सुटून बाहेर येतो. आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो, ते आपण जाणताच! आता समजा, कुठल्याही कोठारात पेटीच्या कडेला तेलकट डाग दिसला. डाग काही बोलत नाही. त्याला वंगण म्हणायचे, ओल म्हणायची की धोका म्हणायचा, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. पहिल्यांदा तो दचकतो. दहाव्यांदा दिसूनही काही झाले नाही, की तो ‘नेहमीचा डाग’ होऊन जातो. पुलगावात कोणी काय पाहिले, याचा निवाडा आम्ही करणार नाही. आम्ही तिथे नव्हतो.

भोपाळचे मात्र तपशील उपलब्ध आहेत. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतला दाब २ पाउंडांवर होता, पाळी बदलल्यावर तो १० दिसला. नव्या पाळीच्या माणसाला त्यात वावगे वाटले नाही, कारण २५ पर्यंत चालते असे ठरलेले होते. आधी २ होता, हे त्याच्या ध्यानात आले नाही. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती वरच्या माणसाच्या कानावर घातली गेली, आणि ठरले काय, तर चहा झाल्यावर पाहू! डोळे चुरचुरणे तिथे रोजचेच झाले होते. कार्ल वाइक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ मध्ये या दुर्घटनेवर लिहिले. त्याच्या लिखाणातून आम्ही एवढे घेतले, की माणसाला जे हाताळता येण्यासारखे असते, तेच त्याला दिसते. हाताखाली माणसे कमी, यंत्रे बंद, आणि बोलले तर ऐकणारे कोणी नाही, असे झाले की डोळे उघडे असूनही दिसेनासे होते.

दुसऱ्यांचे कशाला सांगा! आम्ही उमेदीच्या काळात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होतो. कापसात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी उडते, आणि ती गठाणीत दाबली गेली तर ज्वाळा न दिसता दिवसेंदिवस धुमसते. एका संध्याकाळी जळकट वास आला. आम्ही हमालाकडे पाहिले, हमालाने आमच्याकडे पाहिले. तो गप्प, म्हणून आम्हाला वाटले काही नसेल. आम्ही गप्प, म्हणून त्यालाही तसेच वाटले असेल. मिस्त्री म्हणाला, “काही होत नाही बुवा, रोजचंच हाये.” आम्ही रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे थप्पी पेटली. माणूस दगावला नाही, हे नशीब. पण नंतर त्या हमालाने विचारले, “साहेब, तुम्हाले वास आला होता ना?” याला उत्तर काय देणार?

पुलगावजवळच, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण मेले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. आम्हाला तेव्हापासून एकच प्रश्न पडतो. पेटीत काय आहे, हे पेटी उचलणाऱ्याला कोण सांगते? आणि त्याला ती संशयास्पद वाटली, तर रोजी न बुडता ‘थांबा’ म्हणता येते का? वास त्याच्या नाकाला येतो, डाग त्याच्या हाताला लागतो, आणि रजिस्टर मात्र दुसऱ्याच्या टेबलावर असते.

म्हणून आमची विहार समितीला एक विनंती आहे. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास ठेवावा. कामावर या आठवड्यात ज्याला जे खटकले, ते त्याने इथे सांगावे. लहान आहे, हसतील, म्हणून दाबू नये. गरज पडल्यास चार जणांच्या सहीने अर्ज लिहून देऊ, म्हणजे एकट्यावर रोष येणार नाही. पहिल्या रविवारी त्या गठाणीचे सगळे आम्हीच सांगू.