पडद्यावरील संगोळी रायण्णा



संगोळी रायण्णा कन्नडभाषी होता. परंतु २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्याला फासावर चढविले, ते आपल्या खानापूर तालुक्यातील नंदगडास. म्हणूनच त्याच्या चरित्रपटाविषयी मराठी श्रोत्यांपुढे बोलताना मला संकोच वाटत नाही. नागण्णा यांनी दिग्दर्शित केलेला 'क्रांतिवीर संगोळी रायण्णा' हा कन्नड बोलपट १ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला. सीमाभागातील मराठी घरांत तो दिवस कसा पाळला जातो, हे तुम्हांस सांगावयास नको. पण तारखेचा राग नायकावर काढणे बरे नव्हे.

दर्शन यांचा रायण्णा रुबाबदार आहे, जयाप्रदा यांनी राणी चन्नम्मा रंगविली आहे. लढाया तर डोळे दिपविणाऱ्या. माझे मन मात्र तेथे रमले नाही. पडद्याला तलवार मानवते, जमाबंदीची वही मानवत नाही. आणि रायण्णाचे खरे मर्म त्या वहीतच दडलेले आहे.

रायण्णा हा कित्तूर संस्थानचा शेतसनदी. गावाची राखण करावी आणि त्याबद्दल मिळालेली जमीन कसून खावी, हा त्याचा पेशा. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरपुढे थॅकरेसाहेब पडला. पण डिसेंबरात किल्ला गेला, राणी बैलहोंगलास कैदेत पडली. दत्तक नामंजूर झालाच होता. पुढे नव्या अंमलाने शेतसनद्यांच्या जमिनींवर हात घातला, सारा वाढविला. रायण्णाने १८२९-३० मध्ये सरकारी कचेऱ्या पेटविल्या, खजिने लुटले, ते उगाच नव्हे. कचेरीत दप्तर असते, आणि कोणाची जमीन कोणाच्या नावे, हे दप्तर ठरविते! दत्तक शिवलिंगप्पास गादीवर बसविण्यासाठी त्याच्यामागे उभे राहिले ते बहुतेक असेच राखणदार आणि कुणबी. त्याला रणात कोणी जिंकले नाही. घरच्याच माणसांनी फितुरीने धरून दिला.

हे सारे बोलपटाआधी खेड्यापाड्यांतील गीगी पदांनी जपले. त्या गाणाऱ्यांना ना तंबू लागला, ना तिकीट.

नंदगडास त्याच्या समाधीवर वड आहे. मूल व्हावे म्हणून बाया त्याच्या फांद्यांना लाकडी पाळणे बांधतात. नवस करणारीला भाषा कोणती, हे त्या वडाने आजवर विचारलेले नाही. बोलपट पाहिला असेल त्यांनी आणि नसेल त्यांनीही एकदा ते पाळणे पाहून यावे.