दोन गुरु, एक प्रश्न



मी केवळ मॅट्रिक झालेला, सेवानिवृत्त शाळामास्तर. विद्यापीठांतील डॉक्टरेटविषयीं मीं बोलावें हें कित्येकांस धार्ष्ट्याचें वाटेल. परंतु या विषयाचें एक जुनें ऋण माझ्या माथ्यावर आहे. तें फेडावें म्हणून आज बोलतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझा एक हुशार विद्यार्थी पदवीधर होऊन मजकडे आला. काव्य व तत्त्वज्ञान या दोहोंचा एकत्र अभ्यास करून प्रबंध लिहावा, अशी त्याची इच्छा होती. मीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, "बाबा, दोन डगरींवर पाय ठेवूं नकोस." त्यानें ऐकलें. एकच विषय घेऊन तो डॉक्टर झाला. पुढें भेटला तेव्हां इतकेंच म्हणाला, "मास्तर, पदवी मिळाली, पण जो प्रश्न मनांत होता, तो तसाच राहिला." तें वाक्य मला अद्याप बोचतें.

गेल्या महिन्यांत माझी नात तीच इच्छा घेऊन आली. घरांत चिंता सुरू झाली : नोकरी कोणत्या विभागांत मिळणार? या वेळीं मीं उपदेश केला नाहीं. विचारलें, "मुली, तुझा प्रश्न काय?" ती म्हणाली, "दुसऱ्याचें दुःख आपणांस खरोखर कळतें, कीं पुस्तक वाचतांना कळल्याचा नुसता भास होतो?"

हाच प्रश्न एका थोर कवीला पडला होता. टी. एस. एलियट १९११ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत तत्त्वज्ञानाच्या उच्च अभ्यासास लागला. तेथें तो लॅनमन यांजपाशीं संस्कृत आणि वुड्स यांजपाशीं पातंजल योगदर्शन शिकला. प्रबंध त्यानें ब्रॅडली या इंग्रज तत्त्वज्ञावर लिहिला. आपला अनुभव हा प्रत्येकाचा स्वतःपुरताच असेल, तर दोन मनांचें एक जग कसें होतें, हा त्यांतील एक मुख्य पेंच. इंग्लंडांत शाळेंत मुलें शिकवीत असतांना त्यानें तो पुरा करून १९१६ सालीं पाठविला. विद्यापीठानें तो स्वीकारला. परंतु महायुद्धाच्या धामधुमींत समुद्र ओलांडून तोंडी परीक्षेस जाणें घडलें नाहीं. पदवी राहिली. पुढल्याच वर्षीं तो बँकेंत कारकून झाला.

मग तो अभ्यास वायां गेला काय? १९२२ सालच्या 'द वेस्ट लँड' या काव्याचा शेवट पाहा. बृहदारण्यकांत प्रजापति 'द' या एका अक्षरानें देवांना दमन, मनुष्यांना दान व असुरांना दया शिकवितो, ती कथा तेथें येते. दयेच्या ठिकाणीं कवि, आपापल्या कोठडींत कोंडलेलीं माणसें दाखवितो, आणि खालीं टीप देतो ती ब्रॅडलीची! प्रबंधानें पेंच उकलून दाखविला. काव्यानें तो काळजाला भिडविला. एकट्या शास्त्राला किंवा एकट्या कलेला हें साधलें नसतें. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या महाराष्ट्राला याचें नवल वाटूं नये.

मात्र हा मार्ग सोपा नव्हे. दोन गुरु म्हणजे दुप्पट जाच. तर्कांत ढिलाई झाली तर तत्त्वज्ञ हंसेल. काव्याला नुसतें उदाहरण म्हणून राबविलें तर रसिक रुसेल. मूळ भाषा शिकाव्या लागतील. नोकरीच्या वेळीं दोन्ही विभाग 'तुम्ही पलीकडचे' असें म्हणण्याचा संभव आहे. हें सारें मीं नातीपासून लपविलें नाहीं. एलियटचा तो प्रबंध १९६४ सालीं छापला गेला, तेव्हां आपणांसच तो आतां समजत नाहीं, अशी कबुली त्यानें दिली, हेंही सांगितलें.

तेव्हां पालकांना माझी विनंति एवढीच : मूल असा हट्ट घेऊन आलें, तर नोकरीची चौकशी अवश्य करा; पण आधीं त्याचा प्रश्न विचारा. एका विषयानें तो सुटत असेल, तर दुसऱ्याचा सोस नको. सुटत नसेल, तर वाट अडवूं नका. मीं एकदां अडविली होती.

नात जूनमध्यें प्रवेशासाठीं अर्ज करणार आहे.