बातमीला हिशेबाचे बळ



आपल्या यवतमाळात कापूसवाल्याने जीव दिला की पेपरात चार ओळी येतात. सरकारी कागदावर मात्र पुष्कळदा कारण पडते दारूचे नाहीतर घरच्या भांडणाचे. झाले, प्रकरण अपात्र! एका गावची बातमी म्हणून पत्रकारालाही झटकून टाकता येते.

2007 साली मद्रासच्या विकास अध्ययन संस्थेतले प्राध्यापक के. नागराज यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचेच आकडे वर्षावर्षाने मांडले. 1997 ते 2005 या काळात देशभर दीड लाखाच्या घरात शेतकरी आत्महत्या. पी. साईनाथ यांनी तो हिशेब ‘द हिंदू’त छापला. आता झटकणार कसे? आकडे सरकारचेच होते.

या हिशेबातही एक भोक आहेच. सातबारा नवऱ्याच्या नावाचा, म्हणून जन्मभर निंदण-वेचणी केलेली बाई मेली तर तिची मोजणी शेतकऱ्यांत बहुधा होत नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. विद्यापीठाची पोरे वही घेऊन दारी आली तर हाकलू नका. सावकाराचे कर्ज लाजेने लपवू नका, फुगवूनही सांगू नका. काटापट्टी, बियाण्याची पावती दाखवा. आणि त्यांना विचारा, बाबांनो, हे लिहिलेले आम्हाला मराठीत वाचायला कधी देता?