फुकट येणाऱ्या आर्किटेक्टला विचारायचे सवाल

(महाड-पोलादपूरच्या तरुणांपुढे केलेले भाषण)



विषय सरळ आहे. महाड आणि पोलादपूर शहरात मोठी इमारत उठायच्या आधी तिचा नकाशा लोकांसमोर उघडा झाला पाहिजे, त्यासाठी एक तपासणी मंडळ पाहिजे, अशी मागणी तुम्ही तयार करताय. त्या मंडळावर एक आर्किटेक्ट घ्यायचा, तोही बिनपगारी. तो निवडायचा कसा, यावर मी बोलावं असं तुमचं म्हणणं पडलं. मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, तिचे पैसे मिळत नाहीत. नकाशातली प्रत्येक रेघ मला कळत नाही. पण डोक्यावर लटकणाऱ्या ओझ्याखाली उभा राहून मी पोट भरतो. स्लॅबखाली झोपणाऱ्याला स्लॅबबद्दल बोलायचा हक्क आहे, तेवढ्या हक्कानं बोलतो.

या महाडात सह्यांचा तुटवडा कधीच नव्हता. 24 ऑगस्ट 2020 ची संध्याकाळ आठवा. काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली. 16 माणसं गेली. ती काय इंग्रजांच्या काळातली पडकी चाळ नव्हती, जेमतेम दहा वर्षांच्या आसपासची होती. गुन्हा नोंदवला गेला तेव्हा त्यात बिल्डर होता, आर्किटेक्ट होता, आरसीसीचा सल्लागार होता, नगरपरिषदेचे अधिकारी होते. दोषी कोण ते कोर्ट ठरवील. पण एवढं तर उघड आहे की त्या इमारतीला आर्किटेक्ट होता, इंजिनियर होता, परवानगी देणारं ऑफिस होतं. सगळं होतं. तिथं राहणारा माणूस मात्र या कुठल्याच टेबलावर नव्हता.

त्याच्याही आधी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गेला. दोन एस.टी. गाड्या माणसांसकट पुरात गडप झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो धोकादायक आढळला नव्हता, हे नंतर सरकारनंच सांगितलं. म्हणजे तपासनीस होता, कागद होता. पूल तेवढा नव्हता.

म्हणून मंडळावर एक शिकलेला माणूस बसवला की प्रश्न सुटला, या भ्रमात राहू नका. त्याला काय येतं हे विचाराच. पण त्याच्या आधी विचारा, तो जबाबदार कुणाला राहणार?

गोदीत आम्ही ही गोष्ट वेगळ्या भाषेत शिकतो. क्रेनच्या हुकावर आकडा ठोकलेला असतो, किती टन उचलायचे. एस.डब्ल्यू.एल. म्हणतात त्याला. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा 1986 साली झाला, त्याची नियमावली 1990 साली आली. त्या नियमावलीनं रीत घालून दिली, उचलायच्या यंत्राची वर्षातून एकदा बारकाईनं तपासणी व्हायची. ती करणारा माणूस सरकारच्या मुख्य निरीक्षकानं मान्य केलेला लागायचा. माल लवकर उतरला तर ज्याचा फायदा आहे, त्यानंच हुक तपासला तर काय होईल, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. टोळीतलं कालचं पोरगंसुद्धा सांगेल. आणि तो आकडा हुकावरच असतो, ऑफिसच्या कपाटात नसतो. खाली उभा असलेला माणूस मान वर करून वाचू शकतो. आपल्याला इमारतीचं हेच पाहिजे. तपासणारा बांधणाऱ्याच्या खिशातला नको, आणि तपासलेलं खालच्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

आता या 'फुकट' शब्दाकडे येऊ. फुकट काम करणं कुणाला परवडतं? ज्याचं ऑफिस आधीच चालतंय त्याला. ऑफिस कुणाच्या कामावर चालतंय? बिल्डरच्या. मग तो तुमच्याकडे फुकट बसणार आणि बिल दुसरीकडे लावणार. कोकणातल्या खेड्यातून, वाडीतून, बौद्धवाड्यातून शिष्यवृत्तीवर शिकून आर्किटेक्ट झालेली पोरगी असेल. ती दिवस मोडून, एस.टी.चं भाडं भरून किती दिवस येईल? तिसऱ्या मीटिंगला ती गळते आणि खुर्चीवर गाडीवाला उरतो. म्हणून पहिली मागणी ही लिहा : मानधन नसलं तरी प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई द्यायचीच. सेवा म्हणा, स्वयंसेवक म्हणा, पण उपाशीपोटी सेवा फक्त गरिबाकडूनच मागितली जाते हे ध्यानात ठेवा.

अशा मंडळाची कल्पना काय आभाळातून पडलेली नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात 1994 साली इमारतींच्या रचना तपासणारी बिनपगारी मंडळं सुरू झाली. त्यात एक खुर्ची डिझाइनच्या धंद्यातल्याची, तशी एक बांधकाम-विकासवाल्यांची आणि एक रहिवाशांचीही. आपल्या मुंबईत 1995 ची वारसा नियमावली आली. तिच्या समितीत आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनियर, इतिहासकार, पर्यावरणाचा जाणकार असे लोक आले, दहा दहा वर्षांच्या अनुभवाचे. ज्याच्या घराबद्दल ठरवायचं त्या भाडेकरूसाठी खुर्ची राखलेली नाही. गळक्या छपराखाली चाळीस वर्षं काढली, तो अनुभव कुठल्या रकान्यात लिहायचा?

आणि नगरपालिकेत 'खास ज्ञान' असलेल्या माणसांना घ्यायची सोय तर 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीतच आहे. स्वीकृत नगरसेवक. त्यांना मत नाही, फक्त सल्ला द्यायचा. गावोगाव डोळे उघडून बघा, त्या खुर्च्यांवर किती जाणकार बसलेत आणि किती तिकीट न मिळालेले. निवडीची रीत झाकलेली असली की ज्ञानाची खुर्ची बक्षिसाची होते.

काहीजण म्हणतात, मग कशाला पाहिजे ही खुर्ची? व्यवस्थेच्या दारावरचं तोरण आहे ते, बहिष्कार घाला. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते महाडच सांगतं. 1895 साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर गोपाळबाबा वलंगकरांची नेमणूक झाली. रावढळचा माणूस, पलटणीतून निवृत्त झालेला, अस्पृश्यतेवर लेखणी चालवणारा. बोर्डावरच्या सवर्णांना ते झोंबलं, वर्तमानपत्रांतून चर्चा झडली. एका खुर्चीनं एवढी आग लागते म्हणजे खुर्चीत काहीतरी आहे. उगाच कुणी लाकडावर चिडत नाही.

पण नुसती खुर्चीही पुरत नाही, हेही महाडच सांगतं. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. 5 जानेवारी 1924 ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखा सवर्ण माणूस नगरपालिकेत आपल्या बाजूनं उभा होता. तरी तळ्याचं पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेबांच्या मागून हजारो पावलं तळ्यावर जावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 ला. तळं आपल्यालाच, पालिका आपलीच, ठरावही झालेला, आणि तरी तेरा वर्षं. म्हणून सांगतो, चांगला माणूस आत पाठवा, आणि बाहेर स्वतः उभे राहा. नाहीतर तो आत एकटा पडतो, आणि एकट्याचा ठराव फिरवायला एक मीटिंग पुरते.

दुसरं एक कुजबुजत चाललंय, ते उघड बोलतो. 'आपल्या समाजाचाच आर्किटेक्ट घ्या, काम झालं.' आपला असेल तर मला आनंदच आहे. ज्या धंद्यात आपली माणसं इतकी थोडी दिसतात तिथं आपली पोरगी बसली तर मी तिच्यावर कविता लिहीन. पण सवाल तिलाही तेच विचारायचे. आपल्या आडनावाच्या माणसानं सही केली म्हणून स्लॅब कमी जड होत नाही. आणि टिपणीसांचं आडनाव बघून बाबासाहेबांनी त्यांना परत पाठवलं नव्हतं.

आता सवाल. हे मराठीत छापा, अर्जासोबत लावा, आणि उमेदवाराला चौकात, सगळ्यांसमोर विचारा. बंद खोलीत नको.

एक. तुमचा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक सांगा. 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही, आणि नोंदलेल्या माणसाच्या गैरवर्तनाची तक्रार त्याच कौन्सिलकडे करता येते.

दोन. या दोन शहरांत तुमचा, तुमच्या भागीदाराचा, घरच्यांचा कुठला नकाशा मंजुरीला आहे? असेल तर नमस्कार. मंडळावर असेपर्यंत इथलं काम घेणार नाही, असं लिहून द्या.

तीन. तुम्ही बांधलेली दहा वर्षांची एक इमारत दाखवा. आम्ही जाऊन तिथल्या बायांना विचारू, भिंतीला ओल येते का, जिन्यात उजेड आहे का, पाणी कितव्या मजल्यापर्यंत चढतं.

चार. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाडात कुठल्या गल्लीत कुठवर आलं, हे आमच्याबरोबर फिरून भिंतीवर बघणार का? त्याच दिवशी तळियेत ऐंशीहून जास्त माणसं दरडीखाली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी गाडली गेली. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते यांनी हेच सोसलं होतं. इथं इमारतीचा दर्शनी भाग सुंदर आहे का, हा शेवटचा सवाल. पहिला सवाल, भराव कुठं टाकला आणि डोंगर कुठं कापला.

पाच. तुमचा शेरा मराठीत, कारणासकट, नोटीस बोर्डावर लागेल का? विरोधी मत असेल तर तेही लागेल का? माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे, पण प्रत्येक कागदासाठी अर्ज करत बसायला मजुराकडे वेळ कुठला?

सहा. मीटिंगला याल का? हा सवाल साधा वाटतो. पण 1966 च्या नगररचना कायद्यात अशी तरतूद आहे की साठ दिवसांत उत्तर गेलं नाही, तर नियमात बसणाऱ्या नकाशाला परवानगी मिळाली असं धरलं जातं. तेव्हा गैरहजर राहणारा तटस्थ नसतो. त्याची रिकामी खुर्चीच सही करून टाकते. दोन मीटिंगा चुकवल्या की खुर्ची खाली करायची, हे नेमणुकीच्याच कागदात पाहिजे. मुदत दोन वर्षं, पुढे पुन्हा चौकात.

आणि सातवा सवाल त्याला नाही, तुम्हाला आहे. नकाशा वाचायला तुम्ही शिकणार का? कॉलम कुठला, बीम कुठला, पूररेषा कुठली, हे महिनाभरात शिकता येतं. त्या आर्किटेक्टला पहिलं काम हेच द्या, दर रविवारी बुद्धविहारात, मोहल्ल्यात, वाडीत पोरापोरींना नकाशा वाचायला शिकवायचं. काजळपुऱ्यातल्या लोकांना त्यात आधी बोलवा. ढिगाऱ्यानं जात विचारली नव्हती, धर्म विचारला नव्हता. तो शिकवायला नाही म्हणाला, तर समजा बाकीच्या सहा उत्तरांना अर्थ नाही.

उद्यापासून कामाला लागा. मागणीपत्रावर माणूस ठरवण्याआधी हे सवाल ठरवा, आणि सवालांखाली सह्या घ्यायच्या त्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या आधी घ्या.

जयभीम.