आडनावामागची वाट

रायपूरच्या पंडरी भागात कापडाची मोठी बाजारपेठ आहे. तेथे कानी पडते ती हिंदी आणि छत्तीसगढी. पण मधूनच एखादे मराठी वाक्यही ऐकू येते. ही मराठी तेथे आज-काल आलेली नाही. १७४१ साली भास्करराम कोल्हटकरांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहत होते. शिपायांमागून कारकून आले, भिक्षुक आले. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. दरबार गेला, माणसे मात्र राहिली. कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मागाहून आणखी घरे आली.

अशा एखाद्या घराचे आडनाव साऱ्या शहरात एकटेच असते. मग घरातल्या कोणाला तरी वाटू लागते, की आपली भाऊबंदकी कोठे तरी असेलच, ती शोधावी. आडनाव दुर्मीळ, म्हणजे शोध सोपा, असा आपला समज असतो. परंतु आडनावासारखी फसवी खूण दुसरी नाही.

हिंदीत ‘ळ’ लिहीत नाहीत. त्यामुळे काळ्यांचे ‘काले’ होतात आणि दोन पिढ्यांत घरचीही तसेच लिहू लागतात. हुद्दा तर मूळ आडनाव पार पुसून टाकतो. नाना फडणवीस मूळचे भानू. पेशवे मूळचे भट. एक भाऊ हुद्द्याच्या नावाने दूरदेशी गेला आणि दुसरा गावाच्या नावाने मागे राहिला, तर सख्खे असूनही त्यांचे वंशज एकमेकांना ओळखणार कसे? उलट, एकाच गावावरून ‘कर’ झालेली दोन घरे परस्परांची कोणीच नसतात.

म्हणून आडनावाला आणखी तीन खुणा जोडून पाहाव्यात : मूळ गाव, गोत्र आणि कुलस्वामिनी. यांतील एकटी खूण पुरावा होत नाही. चारही जुळल्या, तर मात्र पुढे चौकशी करण्यात अर्थ आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे आणि गावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली आहेत. कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद आहेत. पण ते मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा जाणता माणूस सोबत हवा.

या साऱ्यांच्या आधी एक दफ्तर घरातच उघडावे. ते म्हणजे घरातल्या वृद्ध स्त्रिया. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. परंतु नवरात्रात कोणत्या देवीची ओटी भरायची, लग्नात देवक कोणते, आजेसासूचे माहेर कोठले, हे त्यांनाच ठाऊक असते. दूरच्या माणसांची पत्रे आणि लग्नपत्रिकाही पुष्कळदा त्यांच्याच पेटीत सापडतात. कागद दफ्तरात आणखी शंभर वर्षे टिकेल. आत्याबाईंची आठवण तितकी थांबणार नाही. त्या सांगतील ते सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह लिहून ठेवावे.

इतके करूनही भाऊबंद सापडतीलच असे नाही. परंतु उद्या पुण्याहून किंवा नागपुराहून कोणी आपलाच शोध घेत रायपुरास आला, तर त्याला दाखवायला आपल्या घरी निदान एक वही असेल.