सूर्याचा किरीट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य घालविलेला मनुष्य आहे. सूर्यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत, कलकत्त्याजवळील डायमंड हार्बर येथे मी खग्रास सूर्यग्रहण पाहिले. ‘ग्रहण पाहू नकोस,’ असे आईचे पत्र आले होते. तिचा शब्द मी प्रथमच मोडला.

सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले आणि मिनिटभर त्याभोवती मोतिया रंगाची प्रभा प्रकटली. हाच सूर्याचा किरीट, म्हणजे करोना. (त्या कुप्रसिद्ध विषाणूला हे नाव मिळाले ते याच्याशी असलेल्या साम्यामुळे.) ती प्रभा सर्वत्र सारखी नव्हती, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना दूरवर पसरलेली, ध्रुवांपाशी विरळ. पुढे १६ फेब्रुवारी १९८० च्या, कर्नाटकापासून ओरिसापर्यंत दिसलेल्या ग्रहणाची छायाचित्रे पाहिली. त्यांत किरीट शेवंतीच्या फुलासारखा चहूकडे फुललेला! सूर्य एकच, मग रूपे दोन का?

उत्तर आहे चुंबकत्वात. सूर्यावरील डागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते, हे जॉर्ज हेल यांनी १९०८ साली दाखविले. किरीटातील वायू विद्युत्भारित असल्याने तो चुंबकीय बलरेषांना ओलांडून सहसा जात नाही, त्यांच्या अनुरोधानेच वाहतो. बलरेषा जेथे कमानीसारख्या वळून सूर्याकडे परततात, तेथे वायू कोंडून राहतो व तो भाग उजळ दिसतो. जेथे त्या अवकाशात मोकळ्या सुटतात, तेथून वायू निसटतो. हाच सौरवात, त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० ते ८०० किलोमीटर. डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्राने कमीजास्त होते. १९८० साली डाग भरास आले होते, म्हणून कमानी सर्वत्र होत्या. १९९५ साली ओहोटी होती, म्हणून त्या विषुववृत्तापाशी एकवटल्या होत्या.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर किरीट दहा लाख अंशांहून तप्त. ही ऊर्जा चुंबकीय क्षेत्रांद्वारेच वर येते, परंतु नेमकी कशी, हे कोडे अद्याप पुरते सुटलेले नाही. इतका तप्त वायू स्थिर राहूच शकत नाही, असे युजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडले. दोन परीक्षकांनी तो लेख नाकारला. परंतु संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. गणितात चूक सापडेना, तेव्हा त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने सौरवाताची निःसंशय साक्ष दिली. पार्करांच्या नावाचे यान २०२१ साली किरीटात शिरले. आपले आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये निघून जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याचा अखंड वेध घेता येईल अशा स्थानी पोहोचले.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. सौरवात बलरेषांना आपल्याबरोबर दूर ओढून नेतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने त्या सर्पिलाकार वळतात. पृथ्वीच्याही पलीकडे जातात, पण त्यांचे मूळ सूर्यातच रुजलेले असते. पन्नास वर्षांपूर्वी परमुलखात हे मंडळ स्थापणाऱ्यांना याहून निराळे काय वाटले असेल?

त्या दिवाळीत आईला मी सारे सविस्तर लिहिले. तिचे उत्तर आले : ‘पुढच्या वेळी मलाही ने.’ ते मात्र राहून गेले. आपण मुलांना घेऊन जा; डोळ्यांची काळजी घ्या आणि ग्रहण अवश्य पाहा.