पप्पनकलांचे पेन्शनर

दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाला खेटून पसरलेल्या द्वारकेला जुनी माणसं अजूनही कधीमधी पप्पनकलां म्हणतात. ते इथल्या एका गावाचं नाव. डीडीएने, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाने, साडेपाच हजारांहून अधिक हेक्टरांवर दहा लाख माणसांचं उपनगर आखलं आणि त्याला कृष्णाच्या नगरीचं नाव दिलं. ती द्वारका समुद्राने गिळली अशी कथा आहे. या द्वारकेची पहिली पंधरा-वीस वर्षं पाण्याची वाट पाहण्यातच गेली.

म्हाताऱ्यांची वसाहत करावी असं इथे कोणाच्याही मनात नव्हतं. ती झाली, आणि दरवर्षी वाढते आहे. त्याचं कारण सोसायट्यांच्या जन्मातच आहे. ऐंशीच्या दशकात एका खात्यातली, एका बँकेतली, एका दलातली माणसं जमून गृहनिर्माण सोसायटी नोंदवत. सेक्टर 7 मधल्या एअरफोर्स अँड नेव्हल ऑफिसर्स एन्क्लेव्हसारख्या नावांत नोकरी आजही वाचता येते. सभासद साधारण एका वयाचे. जमीन मिळायला काही वर्षं, बांधायला आणखी काही. चाळिशीच्या आत हप्ते भरू लागलेल्या माणसाच्या हाती किल्ली पडली ती पन्नाशीच्या आसपास. मग एकापाठोपाठ एक निरोपसमारंभ झाले आणि अख्खा जिना पेन्शनीत निघाला. मुलं गुरुग्रामला गेली, नाहीतर जवळच्याच विमानतळावरून आणखी लांब.

अशी न ठरवता म्हातारी झालेल्या वस्तीचा अभ्यास अमेरिकेत 1980 च्या दशकात मायकल हंट यांनी केला आणि तिला 'आपसूक घडलेली निवृत्तांची वसाहत' अशा अर्थाचं नावही दिलं. न्यूयॉर्कची पेन साउथ ही त्यातली नमुनेदार. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनच्या पुढाकाराने उभी राहिलेली, 2,800 हून अधिक घरांची ही सहकारी सोसायटी. 1962 मध्ये तिच्या उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. 1986 पर्यंत पहिले रहिवासी थकले होते. तेव्हा कोणाला घर सोडावं लागू नये म्हणून सोसायटीने आवारातच समाजसेवक आणि नर्सची सोय केली.

आपल्याकडे हा विषय निघाला की बोट जातं पुण्याच्या अथश्रीकडे, नाहीतर दिल्लीपासून जवळ, भिवाडीतल्या आशियानाच्या उत्सवकडे. तिथे ज्येष्ठांना डोळ्यासमोर ठेवूनच वीट रचलेली असते. केंद्र सरकारने 2019 मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही अशाच प्रकल्पांसाठी. द्वारकेतली सोसायटी कागदावर नुसती सोसायटी आहे; तिच्यातल्या दर दुसऱ्या दारामागे वॉकर असला तरी.

बाहेरून पाहावं तर वाढीला तोटा नाही. 2005 च्या शेवटच्या दिवशी मेट्रो आली, 2010 मध्ये ती सेक्टर 21 पर्यंत गेली. 1,241 खाटांचं इंदिरा गांधी रुग्णालय 2021 मध्ये कोविडच्या धामधुमीत अंशतः सुरू झालं. 2023 मध्ये यशोभूमीचं संमेलन केंद्र उघडलं आणि पाठोपाठ द्वारका एक्सप्रेसवे आला. पण पंचाहत्तरीतल्या माणसाचं जग तीनशे मीटरचं असतं: दूध, औषधाचं दुकान, बाग, देऊळ. आणि मध्ये आखलेला रस्ता, काही ठिकाणी हद्दीसकट 60 मीटरचा. पायी ओलांडण्याच्या सिग्नलचं गणित सहसा सेकंदाला 1.2 मीटर चालीवर बसवतात. गुडघे दुखणाऱ्याची चाल त्याहून बरीच कमी, त्यामुळे दुभाजकावर थांबून दुसऱ्या हिरव्या दिव्याची वाट पाहणं आलंच.

पाण्याचं म्हणाल तर बोअर आणि टँकरवर दिवस काढल्यानंतर हरियाणातून येणाऱ्या मुनक कालव्याचं पाणी द्वारकेच्या रोज 50 दशलक्ष गॅलन क्षमतेच्या शुद्धीकरण केंद्राला मिळू लागलं. लगेच फेब्रुवारी 2016 मध्ये जाट आंदोलनात तो कालवाच बंद पडला. टँकरवाल्याचा नंबर खोडायचा नसतो हे सोसायट्या तेव्हा शिकल्या.

खरी ओढाताण मात्र मॅनेजिंग कमिटीत आहे, आणि तिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नाही. सोसायटी रुळली तेव्हा सेक्रेटरी साठीचा होता. सरकारी नोकरीत फायली हाताळलेला, टेंडरातली मेख ओळखणारा, जल बोर्डाच्या कचेरीत तासभर बसण्याइतका मोकळा. त्याच्या फुकटच्या कष्टांवर शेकडो घरं चालली. आज तो ऐंशीकडे झुकलाय आणि जागा घ्यायला कोणी नाही. रिकाम्या झालेल्या फ्लॅटांत भाडेकरू आले. त्यांना दोन गाड्या उभ्या करायला जागा हवी, आणि त्यांना मत नाही. सभासदाला मत आहे, पण पेन्शनीत वाढीव मेंटेनन्स बसत नाही. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, प्लंबिंग, रंग, लिफ्ट असा खर्च निघाला की 'पुढच्या वर्षी बघू' हा ठराव बिनविरोध होतो. यात चिक्कूपणा शोधणं अन्यायाचं आहे. ऐंशीव्या वर्षी पंचवीस वर्षं टिकणाऱ्या वस्तूसाठी पैसे काढताना कोणाचाही हात थबकेल.

लिफ्टचं एक गमतीचं: दिल्लीत चालतो तो लिफ्ट कायदा मूळचा आपला, 1939 चा मुंबई लिफ्ट कायदा. तो दिल्लीला लागू केला गेला. महाराष्ट्राने 2017 मध्ये नवा कायदा करून त्याला निवृत्त केलं, दिल्लीत म्हातारा अजून कामावर आहे.

त्या कायद्याखाली तपासणी होते, परवाना मिळतो. पण द्वारकेतल्या अनेक जुन्या लिफ्ट चार-सहा माणसांच्या, त्यांत स्ट्रेचर आडवं मावत नाही. 2019 च्या तत्त्वांमध्ये निवृत्तांच्या इमारतीला स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट सांगितली आहे. इथे रात्री-अपरात्री आठव्या मजल्यावर कोणाला बरं वाटेनासं झालं, तर गेटवरचा गार्ड आपल्या बसायची प्लास्टिकची खुर्ची उचलतो आणि ती घेऊन वर जातो.